वही कुणी तपासत नाही तेव्हा

शाळेत रोज कुणीतरी वही बघायचं. कॉलेज सुरू झालं आणि ते एकदम थांबलं. लेक्चर संपलं की सर फळा पुसून जातात, पुढच्या मॅडम येतात, आणि मागच्या तासाभरात कुणाला काय कळलं याची चौकशी कुणी करत नाही. परीक्षा उगवते ती थेट काही आठवड्यांनी. मधल्या काळात हा विषय मला येतोय की नाही, हे माझं मलाच ठरवायचं होतं. आणि ते ठरवायचं कसं, हे आजवर कुणी शिकवलेलं नव्हतं. माझं बीएस्सीचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. नवी जागा, नवी खोली, नव्या मैत्रिणी हे सगळं त्या वर्षात होतंच, पण वर्षभर खरी झटापट झाली ती या एका गोष्टीशी. म्हणून तिच्याबद्दलच जरा सविस्तर लिहिते.

पहिले दिवस जातात ते वर्ग शोधण्यात. वेळापत्रकावर नुसता खोलीचा नंबर असतो. मजला कुठला, जिना कुठला, हे आपणच बघायचं. सकाळी लागोपाठ लेक्चर, दुपारी तीन तासांचं प्रॅक्टिकल, आणि मध्येच कुठेतरी एखादा तास रिकामा. हा रिकामा तास सुरुवातीला फार अवघड जातो. खोलीवर जाऊन परत येण्याइतका तो मोठा नसतो, आणि नुसता गप्पांत गेला तर सकाळी ऐकलेलं संध्याकाळपर्यंत पुसट होतं. आमच्या वर्गात ज्यांचं वर्ष सुरळीत गेलं, त्यांतल्या बहुतेकांनी हे रिकामे तास लवकर ताब्यात घेतले होते, असं माझं निरीक्षण आहे. रात्री उशिरापर्यंत जागण्यापेक्षा दुपारचा तो एक तास जास्त कामाचा ठरतो.

एकटेपणाबद्दलही लिहायला हवं, कारण तो जवळजवळ सगळ्यांना येतो आणि जवळजवळ कुणी बोलत नाही. भरलेल्या वर्गात बसून वाटत राहतं की बाकीच्यांचं छान जमलंय, आपणच तेवढ्या मागे राहिलोय. सहामाही संपता संपता त्याच मुलींनी सांगितलं की त्यांनाही अगदी हेच वाटत होतं, आणि त्यांना मी जमलेल्यांपैकी वाटत होते. घरी फोन केला की आई विचारायची, "जमतंय ना गं?" मी "हो" म्हणायचे आणि बोलणं संपायचं. पुढे मी तिला त्या दिवशी काय शिकले ते सांगायला लागले. तिचा रसायनशास्त्राशी काही संबंध नाही, पण ती मनापासून ऐकायची आणि मध्येच विचारायची, "म्हणजे काय?" बऱ्याचदा त्या प्रश्नावर मला थांबावं लागायचं. कुठे थांबावं लागलं हे मी नंतर वहीत बघायचे. वही तपासणारं एक माणूस मला असं परत मिळालं.

नोट्सचं सांगते. सुरुवातीला आम्ही सगळेच सर बोलतील तो प्रत्येक शब्द उतरवायच्या मागे होतो. कॉलेजातला वेग शाळेपेक्षा कितीतरी जास्त असतो. लिहीत राहिलं तर ऐकायचं राहतं, आणि ऐकत राहिलं तर वही कोरी राहते. एका सीनियर ताईने मला पान आखायची एक पद्धत दाखवली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात ती रूढ केली. पानावर डावीकडे अरुंद रकाना सोडायचा आणि लेक्चर चालू असताना फक्त उजव्या, रुंद भागात लिहायचं. मग त्याच दिवशी बसून डाव्या रकान्यात प्रश्न लिहायचे, उजवीकडचा मजकूर ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न. तळाला दोन-तीन ओळींत पानाचं सार. उजळणीच्या वेळी उजवी बाजू हाताने झाकायची आणि प्रश्न वाचून उत्तर स्वतः द्यायचं.

यातला डाव्या रकान्याचा भाग सगळ्यात मोलाचा आहे. प्रश्न लिहायला बसलं की काही ठिकाणी हात अडतो, कारण हे उत्तर नेमकं कशाचं आहे तेच सांगता येत नाही. त्या जागी मी पेन्सिलीने गोल करायचे. दुसऱ्या दिवशी सर फळा पुसत असताना तो गोल घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायचे. "सर, कालचं काही कळलं नाही" याला दारात उभ्या उभ्या काय उत्तर देणार? "सर, या ओळीत निम्मं कुठून आलं?" याचं उत्तर मात्र दोन मिनिटांत मिळतं. शंका बारीक करता येणं, हे पहिल्या वर्षात शिकण्यासारखं मोठं कौशल्य आहे असं मला वाटतं. सरांपुढे जायची भीतीही त्यानेच कमी झाली.

हे काम त्याच दिवशी का करायचं, यालाही आधार आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. ते निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायचे आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजायचे. पहिल्या तासाभरात जेवढं निसटलं, तेवढं त्यानंतरच्या अख्ख्या महिन्यात निसटलं नाही. लेक्चर म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, अर्थ लागलेली गोष्ट जास्त टिकते हे खरं. पण पहिल्या वर्षातली बरीच लेक्चरं ऐकताना अर्थ पुरता लागलेला नसतोच. तो संध्याकाळी लावावा लागतो, आणि संध्याकाळ टळली की लावायला फारसं काही उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो गणिताने. चल एखाद्या बिंदूच्या जवळ जाताना फलाची (फंक्शनची) किंमत ज्या संख्येच्या जवळ जाते, ती त्याचं लिमिट. तोवर लिमिट म्हणजे किंमत घालायची, पद काटायचं, उत्तर काढायचं, एवढंच माहीत होतं. कॉलेजात लवकरच एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या फळ्यावर आली: प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी एक असा धन डेल्टा मिळतो, की चल हा त्या बिंदूपासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असला (आणि तो बिंदूच नसला) तर फलाची किंमत लिमिटपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असते. मी हे वाक्य पाठ केलं. न चुकता लिहूनही दाखवता यायचं. ते मला येत होतं का? त्या वेळी मी हो म्हटलं असतं.

उलगडलं ते मॅडमनी ट्युटोरियलमध्ये एक प्रश्न टाकल्यावर. फल सोपं घेतलं: संख्येची दुप्पट करून एक मिळवायचा. संख्या ३ च्या जवळ जाऊ लागली की उत्तर ७ च्या जवळ जातं. आता समोरचा म्हणतो, मला उत्तर ७ पासून ०.०१ च्या आत हवंय. हा त्याचा एप्सिलॉन, आणि तो निवडायचा हक्क त्याचा. संख्येत जेवढा फरक पडेल त्याच्या दुप्पट फरक उत्तरात पडतो, म्हणून आपण सांगायचं, संख्या ३ पासून ०.००५ च्या आत ठेव. हा आपला डेल्टा. त्याने आणखी लहान अंतर मागितलं तर आपण त्याचं निम्मं करून देणार. कितीही लहान मागितलं तरी देता येतं, म्हणून ७ हे लिमिट आहे. इथवर सगळ्यांना पटलं. मग मॅडम म्हणाल्या, "आता क्रम उलटा करा. आधी एकच डेल्टा ठरवा आणि तोच सगळ्या एप्सिलॉनना पुरला पाहिजे असं म्हणा. कोणती फलं उरतील?"

वर्गात कुणालाच चटकन सांगता येईना. आम्ही आकृत्या काढल्या, खोडल्या. हळूहळू दिसलं की मग त्या टापूत फलाची किंमत लिमिटपासून तसूभरही हलता कामा नये, नाहीतर कुणीतरी त्याहून लहान एप्सिलॉन देऊन आपल्याला अडवेल. म्हणजे त्या बिंदूच्या आजूबाजूला जी स्थिर आहेत तेवढीच फलं उरतात. "प्रत्येक" आधी आणि "मिळतो" नंतर, या क्रमात त्या व्याख्येचा जीव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी गणितातल्या प्रत्येक व्याख्येला आणि प्रमेयाला हाच प्रश्न विचारते: यातली एक अट काढली किंवा जागा बदलली तर काय मोडतं? उत्तर देता आलं तर येतंय. नाही देता आलं तर पाठ आहे, येत नाही.

ही व्याख्या पचायला मला आठवडे लागले, आणि त्या आठवड्यांत मी कमी पडते असं वाटून मन खूप खाली गेलं होतं. तेव्हा मॅडमनी तिचा इतिहास सांगितला. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी उभं केलं आणि ते लगेच कामालाही लागलं. पण अतिसूक्ष्म राशी म्हणजे नेमकं काय, याचं पक्कं उत्तर नव्हतं. १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या तत्त्वज्ञाने तिथेच बोट ठेवलं: एका ओळीत शून्य नाही म्हणून जिने भागता, तीच राशी पुढच्या ओळीत शून्य म्हणून सोडून कशी देता? मग गणितज्ञांपैकी बोल्झानो यांनी १८१७ मध्ये, कॉशी यांनी १८२१ मध्ये आणि त्यानंतर वायरस्ट्रास यांनी ही कल्पना घासूनपुसून आजच्या रूपाला आणली. आमच्यापुढे एका तासात आलेली व्याख्या नेमकी व्हायला दीडशेहून अधिक वर्षं लागली होती. हा इतिहास पहिल्याच लेक्चरला सांगायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं. कितीतरी मुलं त्या आठवड्यांत गणित आपलं नाही असं ठरवून टाकतात.

प्रयोगशाळेत परिस्थिती वेगळी असते. तिथे निसर्गच उत्तर तपासतो, फक्त त्याचं म्हणणं ऐकायची तयारी लागते. भौतिकशास्त्राचा पहिला प्रयोग साध्या लंबकाचा होता. तो शाळेतही झालेला, म्हणून आम्हाला वाटलं अर्ध्या तासात उरकेल. सरांनी विचारलं, "वीस दोलनं का मोजता? एक मोजून का भागत नाही?" मग त्यांनी हिशोब करायला लावला. स्टॉपवॉच दाबताना माणसाच्या हाताला सुमारे ०.२ सेकंदाचा फरक पडतो. एक मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल जवळपास २ सेकंद. एकच दोलन मोजलं तर चूक १० टक्क्यांवर जाते. वीस मोजली तर तोच ०.२ सेकंद ४० सेकंदांत वाटला जातो आणि चूक अर्ध्या टक्क्यावर येते. गोळा मधल्या बिंदूतून जाताना मोजायला सुरुवात करायची, कारण तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि तो क्षण नेमका पकडता येतो. टोकाला तो रेंगाळतो. शाळेत हे सगळं आम्ही केलं होतं, पण त्यामागचं कारण कधी विचारलं नव्हतं.

गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.८ यायला हवं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि पहिल्या वर्षाचा मोठा मोह तिथेच आहे. सीनियरांची जर्नलं, म्हणजे प्रयोगवह्या, हातोहात फिरत असतात. उत्तरापासून मागे येत रीडिंग बसवायला पाच मिनिटं लागतात, आणि जर्नल सुबक दिसतं. मला याची मनापासून चीड येते, कारण त्याने वर्षातली सगळ्यात चांगली संधी वाया जाते. आमच्या बॅचमध्ये एका टेबलावरचा आलेख बिघडलेला दिसत होता. लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांची रेषा आरंभबिंदूतून जायला हवी, त्यांची थोडी वरून जात होती. सर म्हणाले, "खोडू नका. रेषा काय सांगतेय ते बघा." सगळी बॅच त्या टेबलाभोवती जमली. अखेर सापडलं: लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंतच मोजली होती. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, म्हणजे गोळ्याची त्रिज्या मिळवायला हवी. प्रत्येक लांबीत तेवढीच कमतरता असल्यामुळे सगळी रेषा सरकली होती, पण तिचा चढ तोच राहिला होता. म्हणून चढावरून काढलेलं गुरुत्वत्वरण बरोबर होतं, आणि रेषा अक्षाला जिथे भेटत होती तिथून गोळ्याची त्रिज्यासुद्धा काढता येत होती! पट्टी लावून ताडून पाहिलं, जुळलं. रीडिंग बसवलेली असती तर हे कुणालाच कधी दिसलं नसतं.

रसायनशास्त्रात ब्युरेट, म्हणजे खुणा आणि तोटी असलेली काचेची नळी, हाच मास्तर. फिनॉल्फ्थॅलीन हे रंगाने खूण देणारं द्रव्य घातलेल्या आम्लात अल्कली सोडत गेलं की पडल्या जागी गुलाबी रंग उमटतो आणि फ्लास्क हलवला की जातो. तो जायला जरा जास्त वेळ घेऊ लागला की थेंबाथेंबाने सोडायचं. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी टिकून राहतो. गडद झाला म्हणजे पुढे गेलात. ब्युरेटवर सर्वांत लहान खूण ०.१ मिलिलिटरची, थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. लागोपाठची रीडिंग जुळेपर्यंत करत राहायचं, तेव्हा कुठे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग लिहिता येतं. बरोबर आलं की नाही हे विचारायला मॅडमकडे जावं लागत नाही, जुळणारी रीडिंगच ते सांगतात. दुपारच्या त्या तीन तासांत पाय दुखायचे, तरी मला ते तास फार आवडायला लागले.

लायब्ररीचं थोडक्यात. नेमलेल्या पुस्तकातून एखादं प्रकरण डोक्यात शिरत नसेल तर तीच पानं परत परत वाचण्यापेक्षा उठून कपाटाकडे जावं. मेल्व्हिल ड्यूई यांच्या १८७६ च्या पुस्तक-वर्गीकरणात गणित ५१०, भौतिकशास्त्र ५३० आणि रसायनशास्त्र ५४० या अंकांखाली लावलेलं असतं, म्हणून एक पुस्तक सापडलं की त्याच विषयाची भावंडं शेजारीच सापडतात. एस. आर. रंगनाथन हे ग्रंथपाल होण्याआधी गणित शिकवायचे. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं दुसरं सूत्र आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. मला उष्मागतिकीचं (थर्मोडायनॅमिक्सचं) माझं पुस्तक असंच शेजारच्या जागी मिळालं, नेमलेल्या पुस्तकाच्या निम्म्या जाडीचं.

माझी रूममेट भूगोलाची, आणि मी व माझी लॅब पार्टनर नेहमी एकत्र बसायचो. सेमिस्टरच्या मध्यावर आम्ही तिघींनी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून घेतली. नियम एकच: जिला एखादी गोष्ट येते असं वाटतं तिने ती वहीत न बघता समजावून सांगायची, बाकीच्यांनी "का?" विचारायचं. भूगोलवालीचे प्रश्न सगळ्यात अडवणारे असायचे, कारण तिला आमचे सांकेतिक शब्द मान्य नव्हते. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांना असं आढळलं होतं की अवघड गणितं सोडवणारे त्यांचे विद्यार्थी साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडतात. १९९१ पासून ते लेक्चर मध्येच थांबवून प्रश्न टाकायला लागले. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतंच समजलेल्या मुलीला आपण कुठे अडलो होतो हे आठवत असतं, म्हणून तिचं समजावणं बऱ्याचदा चटकन पोचतं.

सेमिस्टरच्या शेवटी सबमिशन, वायवा (तोंडी परीक्षा) आणि लेखी परीक्षा एकावर एक येतात. त्या दिवसांत होस्टेलभर सगळ्यांचं एकच चालतं: नोट्स पुन्हा वाचणं, रंगीत पेनाने ओळी रंगवणं. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मी तेव्हा वाचला. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढच्या तिन्ही सत्रांत तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

तेव्हापासून मी कोरा कागद घेऊन बसते. प्रकरणाचं नाव वर लिहायचं, आठवेल ते सगळं मांडायचं, मग वही उघडून लाल पेनाने राहिलेलं भरायचं. सुरुवातीला कागदावर लालच जास्त दिसतं आणि ते सोसणं जड जातं. पण तोच कागद तीन-चार दिवसांनी पुन्हा केला की लाल कमी झालेलं स्पष्ट दिसतं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यामुळे मला झोप लागायची, आणि झोप झाली की पेपरात आठवायलाही सोपं जातं.

वायवाला बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी लंबकाबद्दलच विचारलं: गोळा जड धातूचाच का घेता, कोन लहान का ठेवता? पहिल्याचं उत्तर मी हवेच्या विरोधावरून दिलं. दुसऱ्याला मी म्हटलं की सूत्र मांडताना कोनाची ज्या (साइन) म्हणजेच रेडियनमधला तो कोन असं धरलेलं असतं, आणि ते फक्त लहान कोनांनाच जवळपास खरं ठरतं. त्यांनी विचारलं, "किती अंशांपर्यंत चालेल, हे तू कसं ठरवशील?" मी त्यांना सांगितलं की १० अंशांना दोन्ही किमती काढून फरक टक्केवारीत बघेन, मग ३० ला काढेन. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "काढ." १० अंशांना फरक अर्धा टक्का आला, ३० ला साडेचारच्या पुढे गेला. आम्ही दोघी त्या आकड्यांवर बराच वेळ बोललो.

सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रियांचे मार्ग मात्र अजून नीट बसलेले नाहीत. इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते दाखवणारे बाण मी काढते, पण बाण तिकडेच का जातो याचं कारण प्रत्येक वेळी सांगता येत नाही, आणि त्या वहीत पेन्सिलीचे गोल बरेच आहेत. दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक लागलंय. बुधवारची दुपार मोकळी दिसतेय. ती आमच्या गटासाठी राखायची आणि सुरुवात त्या गोलांपासून करायची, असं तिघींनी ठरवलंय.